सावली : दान की देणे?

वैशाखाच्या भर दुपारी शहरातल्या कोणत्याही हमरस्त्याकडे पाहावे. एकाच रस्त्यावर दोन ऋतू नांदताना दिसतात. काचा चढवलेल्या मोटारीत एक ऋतू असतो, आणि तिच्या शेजारून डोक्यावर पदर ओढून, मुलाचे बोट धरून चाललेल्या बाईभोवती दुसरा. मोटारीतल्या माणसाने आपल्या गारव्याचे मोल मोजले आहे, तेव्हा तो त्याचा, असे आपण धरून चालतो. त्या बाईने काही मोजलेले नाही, तेव्हा तिने ऊन सोसावे, हेही आपण न बोलता मान्य करून टाकलेले असते. फार तर कुणी दयाळू माणूस नाक्यावर पाणपोई घालतो आणि आपण त्याला दुवा देतो. आम्हांला येथे विचारायचा आहे तो प्रश्न असा : पायी चालणाऱ्याला सावली मिळणे हे दान आहे की देणे? दान असेल, तर ते न केल्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. देणे असेल, तर ते थकले आहे एवढे तरी कबूल करावे लागेल.

प्रथम किनाऱ्यावरच्या उन्हाळ्याचा स्वभाव समजून घेऊ. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीस अंशांना टेकतो. मुंबई-वसईला तो बहुधा चौतीस-पस्तीसवर थांबतो. तरीही किनाऱ्यावरचा माणूस अर्ध्या तासाच्या चालीने गळून जातो. याचे कारण दमटपणा. घामाची वाफ होऊन शरीर स्वतःला थंड राखते. हवाच ओलसर असली की घाम निथळतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्यावाचून अंग निवत नाही. अशा हवेत वाटसरूला दोनच गोष्टींचा आधार असतो : अंगावरचे ऊन अडणे आणि अंगावरून वारा जाणे. थेट ऊन आणि तापलेल्या डांबराची व भिंतींची धग हवेच्या उष्णतेत भर घालतात. म्हणून कोरड्या मुलखातल्या शहरांना शोभणाऱ्या बंदिस्त गल्ल्या इथे कामाच्या नाहीत. इथे वर छाया आणि बाजू मोकळी असाच रस्ता हवा. धडधाकट माणसाला हा सोयीचा प्रश्न वाटेल. परंतु वृद्ध, गरोदर स्त्री, हृदयविकाराचा रोगी, डोक्यावर पाटी वाहणारी कोळीण यांच्या दृष्टीने घराबाहेर पडता येईल की नाही, इतका तो मूलभूत असतो.

अशा रस्त्याचा विचार एका शहराने फार पूर्वी केला. सिंगापूर हे विषुववृत्ताच्या जेमतेम दीड अंश उत्तरेला वसलेले बंदर. तेथे उन्हाळा बारमाही आणि पाऊसही बारमाही. १८२२ साली स्टॅम्फर्ड रॅफल्स याने नगररचनेसाठी समिती नेमली आणि तिला सूचना केली, की रस्त्यालगतच्या प्रत्येक घराला ठरावीक खोलीची पडवी असावी, ती सदैव खुली असावी आणि एका घराची पडवी दुसऱ्याच्या पडवीला जोडून रस्त्याच्या दोन्ही अंगांना सलग झाकलेली वाट तयार व्हावी. पुढे हीच ‘पाच फुटी वाट’ म्हणून ओळखली गेली. मलय भाषेत ‘काकी’ म्हणजे पाऊल किंवा फूट आणि ‘लिमा’ म्हणजे पाच. म्हणून तिला ‘काकी लिमा’ म्हणतात. वर घरमालकाचा मजला, खाली वाटसरूची वाट. खांब त्याचे, छप्पर त्याचे, डागडुजी त्याची. चालायला मात्र कुणीही यावे.

या पडवीपाशी आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण तिच्यात एक जुना नैतिक सिद्धान्त विटा-चुन्यात उतरलेला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. वस्तू मिळवण्याचा व सांभाळण्याचा अधिकार व्यक्तीकडे असणे योग्य. कारण स्वतःच्या वस्तूची काळजी माणूस अधिक घेतो. वापराच्या बाबतीत मात्र ती केवळ आपली न मानता सर्वांची मानावी आणि गरजवंताला सहजपणे तिचा लाभ द्यावा. रॅफल्सच्या डोळ्यांपुढे हे विवेचन नव्हते. त्याला व्यापार आणि शिस्त हवी होती. त्याच योजनेत त्याने चिनी, मलय, युरोपीय, भारतीय अशा वस्त्या वेगवेगळ्या पाडल्या होत्या. तरीही त्या पडवीत नेमके तेच घडले : ताबा एकाचा आणि उपयोग सर्वांचा. घर मालकाचेच राहिले; फक्त त्याच्या छपराची सावली त्याच्या एकट्याची राहिली नाही.

परंतु एकदा सावली सर्वांची म्हटली, की ती कोणत्या कामासाठी सर्वांची, हा प्रश्न उभा राहतो. दुकानदारांनी पडवीत माल मांडला, फेरीवाल्यांनी चुली पेटवल्या, कारागिरांनी बैठक मारली. चालणारा पुन्हा उन्हात आला. १८८८ च्या फेब्रुवारीत नगरपालिकेने पडव्या मोकळ्या करायला घेतल्या तेव्हा दुकाने बंद झाली आणि शहरात दंगा उसळला. ‘पडवीची दंगल’ म्हणून तो इतिहासात नोंदला आहे. यात दुष्ट कोण? पोटासाठी बसलेला की पायाखाली वाट मागणारा? इंडोनेशियात तर आज फेरीवाल्यालाच ‘काकी लिमा’चा विक्रेता म्हणतात, वाटेचे नाव तिच्यावर बसणाऱ्याला मिळाले आहे.

आपल्याकडेही हाच पेच आहे. १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. मात्र पदपथ अडवून राहण्याचा हक्क कुणालाही नाही, असेही सांगितले. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने चालण्यायोग्य पदपथ मिळणे हाही त्याच एकविसाव्या कलमातला हक्क असल्याचे म्हटले. एकाच कलमाच्या छायेत फेरीवाला आणि पादचारी दोघेही उभे आहेत. आम्हांला वाटते, त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात मोठी फसगत आहे. पाच फुटांच्या पट्ट्यात दोन गरीब भांडत असताना उरलेला रुंद रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे विचारायचे राहून जाते.

सिंगापूरने पुढे सावलीचा दुसरा मार्गही धरला. पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९६३ साली वृक्षारोपणाची मोहीम सुरू केली, १९६७ साली शहर ‘उद्याननगरी’ करण्याचा संकल्प जाहीर केला आणि १९७१ पासून दरवर्षी वृक्षारोपण दिन पाळला जाऊ लागला. रुंद डेरेदार पर्जन्यवृक्षांनी तिथल्या अनेक रस्त्यांवर मांडव घातला. हेच गृहस्थ वातानुकूलन यंत्राला उष्ण कटिबंधाचे मोठे वरदान मानत. त्यावाचून सरकारी कचेऱ्यांचे काम नीट चालले नसते, असे ते म्हणत. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. तथापि दोन गारव्यांतला फरक ध्यानात घ्यावा. यंत्र उष्णता नष्ट करीत नाही; ते खोलीतली उष्णता उचलून, तीत स्वतःच्या मोटरीची भर घालून, बाहेर रस्त्यावर फेकते. आतल्याचा गारवा म्हणजे बाहेरच्याची धग. झाडाचा गारवा असा कुणाच्या वाट्याचा ओढून आणलेला नसतो. ज्याच्या दारी झाड आहे तो आणि दारावरून जाणारा, दोघांवर एकच सावली पडते.

त्याच शहराने २०१३ साली आणखी एक काम हाती घेतले. रेल्वेस्थानकापासून ४०० मीटरच्या आत असलेल्या शाळा, दवाखाने, वस्त्या यांच्याकडे जाणाऱ्या पायवाटांवर छप्पर घालण्यात आले. तिथे सर्व काही आदर्श आहे, असा आमचा दावा नाही. ते लहान, श्रीमंत आणि कडक शिस्तीचे राज्य आहे. आणि तेथे बांधकामावर उन्हात राबणारे पुष्कळसे मजूर भारत-बांगलादेशातून गेलेले आहेत. सावली बांधणाऱ्याच्या वाट्याला सावली येते का, हा प्रश्न तेथेही उरतोच. परंतु एक गोष्ट शिकण्यासारखी आहे : तिथे सावली कुणाच्या मर्जीवर सोडलेली नाही. पाणपोई घालणारा थकला की पाणपोई बंद पडते. नियमाने बांधलेली पडवी मालक बदलला तरी राहते. चांगुलपणा सक्तीचा झाला की त्यातले पुण्य जाते, असा आक्षेप कुणी घेईल. त्यावर आमचे उत्तर असे, की कर्ज फेडण्यात पुण्य शोधायचे नसते; ते फेडायचे असते.

आपल्या मुंबईलाही ही रीत परकी नव्हती. फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या इमारतींच्या तळमजल्यांना सलग कमानी आहेत. पावसाळ्यात छत्री न उघडता माणूस बरेच अंतर जाऊ शकतो. पुढे आपण ही रीत सोडली. नव्या इमारतींनी रस्त्याकडे पाठ फिरवून उंच कुंपणे घातली, खाली मोटारींसाठी मजले बांधले. २००८ पासून वांद्र्याहून सुरुवात करून चालणाऱ्यांसाठी आकाशमार्गिका उभारल्या. वर छप्पर मिळाले खरे, पण त्यासाठी आधी जिना चढायचा. खालचा सपाट रस्ता ज्याला इंजिन आहे त्याला, आणि जिना ज्याला गुडघे आहेत त्याला, अशी ही वाटणी झाली.

दोष मात्र केवळ महापालिकेच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. पाला पडून अंगण घाण होते म्हणून कुंपणालगतचा जांभूळ कोण तोडतो? खोडाच्या गळ्यापर्यंत लादी कोण बसवतो? नवा बंगला बांधताना गेटापुढचा उतार रस्त्यात आणून पदपथ कोण मोडतो? सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावल्याची नोंद आपल्या स्तंभलेखात करून ठेवली. माणसांना आणि जनावरांना छाया मिळावी, हा त्यातला हेतू. आपल्या जुन्या घरांच्या ओटीवरही दमलेला अनोळखी माणूस टेकत असे. त्या ओटीचे क्षेत्रफळ कोणी विकत नव्हते.

आता ते प्रत्येक चौरस फूट विकले जाते, आणि म्हणूनच प्रश्न नैतिक झाला आहे. घर बांधताना आपण वास्तुरचनाकाराला दिवाणखाना, गाडी, गच्ची यांविषयी अनेक गोष्टी विचारतो. आमची धर्मग्रामातील कुटुंबांना विनंती आहे, की त्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा : या घरावरून रोज जाणाऱ्या आणि आत कधीही न येणाऱ्या माणसाला या घरापासून काय मिळेल? भिंतीची धग मिळेल, यंत्राचा झोत मिळेल, की चार पावलांपुरती का होईना, सावली मिळेल? सोसायटीच्या सभेत झाड तोडण्याचा ठराव येईल, प्रभागात रस्ता रुंद करण्याची योजना येईल, तेव्हाही हाच प्रश्न उभे राहून विचारावा. उत्तर देणाऱ्याला तो अवघड वाटेल. पण ज्याच्या वतीने तो विचारायचा, तो त्या वेळी सभेत नसतो. तो बाहेर उन्हात चालत असतो.