टीव्हीचं बक्षीस

‘आधी पाढे, मग कार्टून.’ मध्यमवर्गीय मराठी घरांतला हा सौदा इतका मुरलेला आहे की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही. मला मात्र वाटतं, टीव्हीने मुलांचं केलं नसेल एवढं नुकसान या सौद्याने केलं. टीव्ही झाला बक्षीस, पाढे झाले दंड. पाढ्यांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं?

अमेरिकेत जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला एक प्रयोग 1999 साली प्रसिद्ध झाला. एक खाऊ मुलांना दिसत राहील असा ठेवला, पण घेऊ दिला थोडाच वेळ. मुलं त्याच खाऊबद्दल बोलू लागली, तोच मागू लागली. खाऊवरून टीव्हीचं अनुमान काढणं जरा धाडसाचं, हे मान्य. पण पाहुण्यांच्या घरी गेल्यावर टीव्हीपुढून न हलणारी मुलं बहुधा कोणत्या घरांतली असतात, ते आठवून पाहावं.

खुद्द टीव्हीबद्दलचा पुरावाही आहे, आणि तो फार मजेशीर मार्गाने हाती आला. 1948 ते 1952 या काळात अमेरिकेत नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने रोखले गेले. त्यामुळे काही शहरांत टीव्ही लवकर पोचला, काहींना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. मॅथ्यू गेंट्झको आणि जेसी शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या मुलांचे 1965चे परीक्षेतले गुण ताडून पाहिले. शाळेआधीच्या वयात टीव्ही पाहिल्याने गुण घसरल्याचं दिसलं नाही. ज्यांच्या घरची भाषा इंग्रजी नव्हती, त्या मुलांना तर झाला तो थोडा फायदाच. हे वाचून नवल वाटायला नको. डोरेमॉनकडून फर्डं हिंदी शिकलेली मराठी मुलं आपण पाहतोच. आजीला ते हिंदी खटकतं, तो भाग वेगळा.

पण पूर्वीचा टीव्ही संपायचा. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असे. मुलांचा ‘किलबिल’ कार्यक्रम संपला की संपलं. आईने ओरडायची गरज नव्हती. आज मोबाइलवर एक भाग संपायच्या आत दुसरा आपोआप सुरू होतो. याला मुलाची मोकळीक कसं म्हणायचं? तिथे निवड यंत्र करतं. म्हणून माझी वकिली हॉलमधल्या, सगळ्यांच्या देखत चालणाऱ्या टीव्हीपुरती आहे. हातातल्या पडद्याची नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा नकोच आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, हे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 साली सांगितलं आहे. त्यावर माझा वाद नाही. प्रश्न पुढच्या वयाचा आहे.

त्या वयात मोकळीक दिली तर मूल सुरुवातीला अधाशासारखं बघेल. बहुतेक आईबाप तिथेच घाबरून रिमोट काढून घेतात, आणि बक्षिसाचा भाव आणखी चढतो. थोडी कळ काढली, आणि खाली खेळायला सवंगडी असतील, तर टीव्ही चालू ठेवून मूल जिना उतरलेलंही दिसतं. सवंगडी नसतील, खाली नुसतं पार्किंग असेल, तर दोष टीव्हीचा नव्हे.

खरी अडचण मोठ्यांची आहे. मुलाला आतल्या खोलीत अभ्यासाला पाठवायचं आणि बाहेर मालिका लावायची. शीर्षकगीत भिंतीपलीकडे त्यालाही पाठ होतं. मुलाच्या तासांचा हिशेब मांडायचा तर आठ ते दहाच्या मालिकांचाही मांडावा लागेल, आणि त्याला घरातलं कोणीच तयार नसतं.