झिजलेल्या जोड्याचे ऋण

मराठी माणूस आपल्या कष्टांचे माप जोड्यांवर घेतो. कचेरीत खेटे घालूनही काम झाले नाही, की तो म्हणतो, जोडे झिजले. कुणाचे उपकार फार झाले, की म्हणतो, अंगाच्या कातड्याचे जोडे करून घातले तरी फिटणार नाहीत. आणि त्याच तोंडाने तो असेही बजावतो, की पायातली वहाण पायातच बरी. एकाच वस्तूविषयी एवढी कृतज्ञता आणि एवढी तुच्छता एका भाषेत क्वचितच नांदत असेल.

आम्ही मोहोळचे. आमचे गावच वाटेवरचे. पुणे-सोलापूर महामार्ग गावातून गेलेला, लोहमार्गावरचे स्टेशन आणि पंढरपूर जेमतेम चाळीसेक किलोमीटर. माउलींच्या पालखीच्या नावाने जो राष्ट्रीय महामार्ग झाला, तोही पंढरपुराशी थांबत नाही, मोहोळपर्यंत येतो. शिकायला सोलापूर, पोटाला पुणे, असे आमचे आयुष्य जाण्यायेण्यात सरते. म्हणून आमच्या घरोघरी दाराआड एक तरी असा जोडा सापडतो, की घरची मंडळी म्हणतात, 'टाकून द्या आता' आणि धनी म्हणतो, 'राहू द्या.' टाच एका अंगाने झिजलेली, तळात अंगठ्याचा खड्डा, पट्टा दोनदा शिवलेला. हा प्रवासाचा जोडा. लग्नाकार्यातला नव्हे, वाटेवरचा. तो का टाकवत नाही? हा जिव्हाळा म्हणायचा की मोह? प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही.

नवी चप्पल चावते. पाय आणि कातडे यांचे आठ-पंधरा दिवस भांडण चालते. मग दोघेही थोडेथोडे नमते घेतात. कातडे पायाचा आकार घेते, पायाला घट्टा पडतो. यानंतर तो जोडा दुसऱ्याच्या पायाला नीट बसत नाही. आपल्या चालण्याची खोड, आपले वजन, उजव्या पायावर जरा जास्त रेलण्याची सवय, सारे त्यात उतरलेले असते. कपड्यांत आपला आकार राहत नाही, अंथरुणातही राहत नाही. जोड्यात राहतो. म्हणून तो टाकताना आपणच थोडे टाकले जातो असे वाटते.

पण इथेच शंका येते. जोड्यात दिसतो तो आपलाच आकार असेल, तर हे प्रेम जोड्यावरचे की स्वतःवरचे? चित्रकार व्हॅन गॉगने 1886 साली पॅरिसमध्ये जुन्या बुटांच्या एका जोडीचे चित्र काढले. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरला त्या बुटांत शेतकरी बाईचे कष्ट आणि तिच्या शेतातली माती दिसली. पुढे 1968 मध्ये कलेचे अभ्यासक मायर शापिरो यांनी आक्षेप घेतला, की हे बूट बाईचे नव्हेत, खुद्द चित्रकाराचेच आहेत. या वादावर पुष्कळ शाई खर्ची पडली. बूट कुणी घातले यावर दोन विद्वान भांडले. ते कुणी शिवले हा प्रश्न मात्र त्या भांडणात आलाच नाही. आमच्या जिव्हाळ्याचेही असेच होते. जोड्यात आपली वाट दिसते, शिवणाऱ्याचे बोट दिसत नाही.

आपल्याकडे तर ते न दिसण्याची रीतच होती. हिरडा आणि बाभळीची साल यांच्या पाण्यात कातडे कमावणारा ढोर, रापीने ते कापणारा आणि आरीने शिवणारा चर्मकार, यांना गावाने शिवेबाहेर ठेवले. वरच्यांच्या आळीतून जाताना दलितांनी वहाणा काढून हातात घ्याव्यात, असा दंडक कितीक गावांत होता. ज्याने साऱ्या गावाला चालते केले, त्यानेच अनवाणी चालावे!

आमच्या शेजारच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकातल्या हरळय्यांची कथा सांगतात. महात्मा बसवेश्वरांनी त्यांना आदराने नमस्कार केला. तो मान आपल्याला फार झाला असे वाटून हरळय्या आणि त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे शिवून आणले. बसवेश्वरांनी ते पायात घातले नाहीत, मस्तकी धरले. पुढे हरळय्यांच्या मुलाचा विवाह ब्राह्मणकुळातल्या मुलीशी झाला, आणि राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. जोडे मस्तकी धरता येतात. जोडे करणाऱ्याला सोयरा करणे जड जाते. आम्ही मुसलमानही यातून सुटलेलो नाही. मशिदीत खांद्याला खांदा लावतो आणि सोयरिकीच्या वेळी बिरादरी विचारतो.

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांत आमचा सोलापूर जिल्हाही आहे. 2025 च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने तसल्याच चपला मिलानच्या मंचावर आणल्या आणि मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही, म्हणून सगळे चिडले. चिडणे योग्यच होते. परंतु आपल्या बसस्टँडजवळ छत्रीखाली बसणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हजरत मुहंमद पैगंबर (स.) घरी काय करीत, असे हजरत आयेशांना विचारले असता त्यांनी जी कामे सांगितली, त्यांत स्वतःची पादत्राणे सांधणे हे एक काम होते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात पैगंबरांचे म्हणून जपलेले पादत्राण आहे. त्याची चित्रे घरोघरी भिंतीवर लागतात. चित्र लावणे सोपे, टाका घालणे अवघड. आमच्या मते जिव्हाळ्याची पहिली कसोटी हीच. ज्याच्यावर प्रेम आहे ते आपण सांधतो का, निदान सांधणाऱ्याला मान देऊन त्याचे पैसे घासाघीस न करता देतो का? नुसते कपाटात जपणे म्हणजे मोह.

दुसरी कसोटी दानाची. रमजानच्या अखेरीस जुन्या कपड्यांची, चपलांची गाठोडी निघतात. आपल्याला नकोसे झाले, ते गरिबाला हवेसे असणारच, असा त्यामागे हिशेब. कुरआनने हा हिशेब दोन बाजूंनी मोडला आहे. एके ठिकाणी बजावले आहे, की जे प्रिय आहे त्यातून खर्च केल्यावाचून नेकी गाठता येत नाही. दुसरीकडे, जे आपल्याला कुणी दिले असते तर डोळे मिटूनच घेतले असते, ते टाकाऊ दानात देऊ नका. मग झिजलेल्या जोड्याचे काय करावे? तो आम्हाला प्रिय आहे, म्हणून द्यावा? पण घेणाऱ्याच्या दृष्टीने तो टाकाऊच. आमच्या पायाचा खड्डा त्याच्या अंगठ्याला टोचणार.

2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईला चालत आले. त्यांच्या पायांना फोड आले होते, चपला तुटल्या होत्या. मुंबईकरांनी त्यांना चपला आणून दिल्या. दोन वर्षांनी टाळेबंदीत पुन्हा रस्ते चालणाऱ्यांनी भरले. 8 मे 2020 रोजी जालन्याहून निघालेले 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली गेले. मागे पोळ्या आणि चपला विखुरल्या होत्या. त्या चपलांनाही कुणाच्या पायाचा आकार होता. त्यांची आठवण ठेवायला कपाट नव्हते.

हदीसमध्ये एका तहानेल्या कुत्र्याची गोष्ट आहे. वाटसरू विहिरीत उतरला, पायातल्या चामडी जोड्यात पाणी भरले, तो दातांत धरून वर आला आणि कुत्र्याला पाजले. अल्लाहने त्याला क्षमा केली. पाणी भरताना जोडा भिजेल, बिघडेल, असा विचार त्याने केला नाही. वस्तूवरच्या प्रेमाची सीमा तिथे आखलेली दिसते: दुसऱ्याची तहान दिसेपर्यंत.

तेव्हा आमचा निवाडा असा. झिजलेला जोडा टाकू नये, दानातही देऊ नये. तो आपल्याच पायात ठेवावा. टाके घालीत, तेल लावीत, जमेल तेवढे त्याच्यासह चालावे. आणि नव्या जोड्यासाठी बाजूला काढलेले पैसे घेऊन दुकानात जावे, पण माप मात्र दुसऱ्याच्या पायाचे द्यावे. म्हणजे जिव्हाळाही राहतो आणि नेकीही घडते. पायातली वहाण पायातच बरी, या म्हणीचा एवढाच अर्थ आम्हाला मान्य आहे.