ओसाड वास्तूतील मृत

हल्ली मुलांच्या हातातील मोबाईलवर भयाचे आणि कोड्यांचे खेळ रंगतात. ओसाड वाडा, अंधारे जिने, कुलूपबंद दारे; किल्ली शोधायची, कोडे सोडवायचे आणि भुताच्या तावडीतून निसटायचे. २०१७ साली आलेल्या ‘ग्रॅनी’ या खेळात सुटकेसाठी पाच दिवस मिळतात. म्हातारीने गाठलेच, तर खेळाडू त्याच खोलीत पुन्हा जागा होतो आणि दुसरा दिवस सुरू होतो. असे खेळ मुलांनी खेळावेत काय, असे पालक विचारतात. निव्वळ भीतीत पाप आहे असे आम्हांस वाटत नाही. भुताच्या गोष्टी आपल्या आज्याही सांगत, आणि चांगल्या रंगवून सांगत! आमचा प्रश्न निराळा आहे. ओसाड वास्तूत जे मेले, त्यांचे आपल्याकडे काही मागणे उरते की नाही?

जळगाव-धुळ्याच्या आपल्या कुटुंबांना हा प्रश्न दूरचा नाही. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा पडका किल्ला आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. त्यांच्या कबरी गावात आजही आहेत. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख इंग्रजांस दिला. परंतु किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडीना. २७ फेब्रुवारीस सर थॉमस हिस्लॉपच्या तोफा सुरू झाल्या. अखेर किल्लेदार बाहेर येऊन शरण आला. आतल्या दरवाजाची दिंडी उघडली, काही अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले आणि आतील अरब शिबंदीशी एकाएकी चकमक उडाली. परस्परांची भाषा न कळल्याने घोटाळा झाला, असेही सांगितले जाते. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले. मग सुमारे तीनशे जणांची सर्व शिबंदी कापून काढण्यात आली आणि शरण आलेल्या किल्लेदारास फाशी देण्यात आले.

एक दार, त्यामागे भीती, आणि आत काय आहे ते ठाऊक नाही. खेळाची मांडणी हीच असते. थाळनेरात मात्र दुसरा दिवस कोणासही मिळाला नाही. दगा कोणाचा, दोष किती जणांचा, शरणागताला फाशी देणे न्याय्य होते काय, हे कोडे किल्लीने उघडणारे नव्हते. १८१९ साली ब्रिटिश संसदेत सैन्याच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा याच फाशीवर प्रश्न विचारले गेले.

खेळातील भूत आपल्याला फक्त पळायला लावते. ते कोण होते, त्याच्यावर काय गुदरले, हे न विचारताही खेळ जिंकता येतो. आमची हरकत इथे आहे. मृतांना अडथळा समजण्याची सवय जडली, की पडक्या भिंतीजवळून जाताना मुलाच्या अंगावर काटा येईल, पण मनात प्रश्न उठणार नाही. २ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो त्या भुतांना पिटाळण्यासाठी नव्हे. आणि ज्यांची श्रद्धा देवालाच ठाऊक, अशा मृतांचेही स्मरण मिस्सेच्या एका प्रार्थनेत होते. तेव्हा थाळनेरचे अरब, किल्लेदार आणि इंग्रज अधिकारी हे सारेच आपल्या प्रार्थनेत बसतात. अधिकाऱ्यांची आणि किल्लेदाराची निदान नावे घेता येतात. बाकीच्यांचा इतिहासात आकडा तेवढा राहिला आहे.