जिवंत जनावर कोणी पाहिलं?

पद्मालयाच्या रानालगत ज्यांची शेतं आहेत, त्यांच्यात मांसाहाराचा विषय निघाला की एक मत ठामपणे मांडलं जातं. दुकानातली कोंबडी इंजेक्शनांवर वाढलेली, बोकड कुठला ते ठाऊक नाही. रानातला ससा, तितर किंवा डुक्कर मात्र शुद्ध. एरंडोल-धरणगावच्या पट्ट्यात या मताची मुळं खोल आहेत. या मुलखात भिल्ल आणि पारधी पिढ्यानपिढ्या शिकारीवर जगले. १८२५च्या सुमारास जेम्स आउट्रॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली, तेव्हा त्याने त्यांचा विश्वास मिळवला तो बराचसा शिकारीतल्या सोबतीमुळे. रानातल्या मांसावरचा भरवसा अशा जुन्या अनुभवातून आलेला आहे. त्याला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही. पण तो तपासून पाहायला हवा, कारण ज्या रानावर तो बेतलेला होता ते रान आता तसं उरलेलं नाही.

दुकानाबद्दलचा संशय निराधार नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. कोलिस्टिन हे माणसाच्या उपचारात अगदी शेवटी काढायचं औषध, आणि ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जात होतं; त्यावर बंदी आली ती २०१९ मध्ये. औषध मांसात उरतं म्हणजे काय होतं, ते आपल्याला गिधाडांनी दाखवलं. डायक्लोफेनॅक दिलेली गुरं मेली, गिधाडांनी ती खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. माणसाचं शरीर गिधाडासारखं नाही हे खरं, पण जनावराला टोचलेलं पुढच्या खाणाऱ्यापर्यंत पोचतं हे त्यातून उघड झालं.

आता रानाकडे वळू. खान्देशातलं रानडुक्कर आज रानात राहतं कमी आणि मक्यात, भुईमुगात, उसात चरतं जास्त. रात्री पिकात घुसायचं, पहाटे नाल्याकाठच्या झुडपात शिरायचं आणि मधे गावाचा उकिरडाही उकरायचा, असा त्याचा दिनक्रम. म्हणजे ते आपल्याच फवारणीच्या शेतात पोसलं जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणाऱ्या माणसाचा जीव जाईल इतकं विष ज्या शिवारात पडतं, त्या शिवारात चरलेल्या जनावराला केवळ ते मोकळं फिरतं म्हणून शुद्ध म्हणायचं, हे मला पटत नाही.

इथे जंतू आणि विष यांतला फरक नीट समजून घेतला पाहिजे. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात. मांस आतपर्यंत नीट शिजलं की त्या मरतात, आणि आपल्याकडचा रस्सा तासभर रटरटतो. जपानमध्ये हरणाचं मांस कच्चं खाल्लेल्यांना हेपॅटायटिस ई झाल्याची नोंद २००३ मध्ये झाली; आपल्याकडे तसं कोणी खात नाही. खाणारा बहुतेक वेळा चुलीमुळे वाचतो. पण कातडी सोलणाऱ्याचा हात चुलीआधी रक्तात गेलेला असतो, आणि बोटाला चिरलेलं असलं तर धोका तिथेच.

विष मात्र शिजवून जात नाही. रानातलं जनावर आज कसं मरतं? बाणाने क्वचितच. विजेच्या उघड्या तारेने, पिठाच्या गोळ्यात दडवलेल्या गावठी बॉम्बने, नाहीतर आमिषात कालवलेल्या कीटकनाशकाने. फोरेट, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचं थायमेट, देशात २०२० अखेर बंद झालं. पण अशी दाणेदार विषं अजून शेतघरांच्या कोपऱ्यांत सापडतात. तारेला चिकटलेलं जनावर रात्री किती वाजता मेलं आणि उन्हात किती वेळ पडून होतं, हे त्याचं मांस रात्री पिशवीतून आणणारा सांगत नाही. बंदुकीची शिकारही निर्धोक नसते. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात २००८ मध्ये तपासणी झाली, तेव्हा शिकारीचं मांस खाणाऱ्यांच्या रक्तात शिसं इतरांपेक्षा किंचित जास्त निघालं. गोळीचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात पसरलेले असतात.

माझा खरा आक्षेप यापुढचा आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे मांस चोरूनच येतं आणि चोरून आलेल्या मांसाला प्रश्न विचारता येत नाहीत. कोणी मारलं, कशाने मारलं, मरण्याआधी ते लंगडत होतं का, तोंडाला फेस होता का? जुना पारधी फासे लावून तितर धरायचा, तेव्हा पक्षी त्याच्या हातात जिवंत यायचा. डोळा निस्तेज, पिसं विस्कटलेली, असा पक्षी ओळखण्याइतकं ज्ञान त्याच्यापाशी होतं. तो साक्षीदार आता गेला आणि त्याच्या जागी पिशवी आली.

गावात वाट्याचं मटण असतं, त्यावर लोकांचा इतका विश्वास का, याचं उत्तरही इथेच आहे. चार-आठ घरं मिळून बोकड घेतात, कापतात आणि वाटे घालतात. तो बोकड कुणाच्या दावणीला होता, काल चारा खात होता का, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. कत्तलखान्यातल्या पशुवैद्यकाचं कामही नेमकं हेच: जनावर कापण्याआधी जिवंत तपासायचं, कापल्यावर यकृत-फुप्फुसं पाहायची, मग शिक्का मारायचा. तालुक्याच्या गावांत तो शिक्का किती वेळा खरोखर तपासून पडतो, हा प्रश्न आपण गिऱ्हाइकांनी विचारायला हवा. भाव विचारतो, ताजं आहे का विचारतो. शिक्का विचारायला आपली जीभ रेटत नाही.

उघड्यावरच्या व्यवहाराचं मोल आपल्या भागाने २००६ मध्ये पाहिलं आहे. त्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातल्या हातेड, मारूळ, सावदा आणि धरणगाव तालुक्यातल्या साळवे इथे निघाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या आणि पोल्ट्रीवाले देशोधडीला लागले. या विषाणूंचं मूळ घर रानातले पाणपक्षी, ते वणव्यासारखे भडकतात ते दाटीवाटीच्या शेडमध्ये. त्यामुळे रान आणि दुकान यांपैकी कोणालाच निर्दोष म्हणता येत नाही. पण पोल्ट्रीतल्या कोंबड्या मरू लागल्या तेव्हा नमुने प्रयोगशाळेत गेले, परिसर बंद झाला, आणि त्या साथीत भारतात एकाही माणसाला लागण झाल्याचं निदान झालं नाही. रानातून चोरून आलेल्या मांसाने कोणी आजारी पडलं, तर तो माणूस डॉक्टरांनाही खरं सांगणार नाही.

जर्मनीत रानडुक्कर कायदेशीरपणे मारलं आणि खाल्लं जातं, पण ट्रिकिनेलाची तपासणी झाल्याशिवाय ते ताटात येत नाही. १९८६च्या चेर्नोबिलनंतर बव्हेरियात त्यातला किरणोत्सारही मोजतात. किलोमागे ६०० बेकेरलपेक्षा जास्त निघाला तर ते मांस विकता येत नाही. आपल्याकडे पिकाची नासाडी करणारं डुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारता येतं, खाता येत नाही. मक्याचं अख्खं शेत गेलेल्या शेतकऱ्याला हे जाचक वाटतं आणि त्याचा संताप मला समजतो. तरीही, तपासणारा माणूस आणि प्रयोगशाळा तालुक्याला नाही तोवर ते मांस खाण्यावरची बंदी असावी, असंच मी म्हणेन. आणि त्याच दमात हेही, की नासाडीची भरपाई पुढच्या पेरणीआधी त्याच्या खात्यात जमा झाली पाहिजे.