टेकू कुठे लावायचा?

मित्राच्या जुन्या गाडीला आम्ही ट्रकचा टर्बो बसवत होतो. फक्त ट्रॅकवर पळवण्यासाठी. असा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही. टर्बो भरला सोळा किलो. हे सगळं वजन लोंबणार कशावर, तर पातळ स्टीलच्या नळ्या जोडून केलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर.

टेकू लागणार हे उघड होतं. मी जाड पट्टी कापली. एक टोक टर्बोला, दुसरं चासीला, आणि बोल्ट कचकचून आवळले. हलवून पाहिलं, तसूभर हललं नाही. स्वतःवरच खूश झालो.

थोड्याच दिवसांत मॅनिफोल्ड वेल्डिंगपाशी तडकला.

वेल्डरमामांनी तडा पाहिला, मग माझी पट्टी पाहिली. म्हणाले, "वजनानं नाही गेला हा. तुम्ही आवळून धरलात म्हणून गेला."

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ॲक्सिलरेटर दाबला की ते एका अंगाला झुकतं, सोडला की परत येतं. टर्बो त्याच्याबरोबर झुकतो, चासी मात्र जागची हलत नाही. माझी पट्टी दर वेळी त्याला मागे खेचत होती आणि ती ओढाताण नळ्या सोसत होत्या. त्यात उष्णता. पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणारा वायू ८००-९०० अंशांपर्यंत तापतो. स्टेनलेस स्टीलची ४० सेंटिमीटर लांब नळी ७०० अंशांनी तापली, की जवळपास ५ मिलिमीटरने वाढते. ही वाढ कुणाला विचारून होत नाही. तिला जागा दिली नाही, तर धातू तापताना दबतो, निवताना ताणला जातो आणि एक दिवस फाटतो.

हे ऐकताना मला धाकटा भाऊ आठवत होता.

बाबा गेल्यावर मी त्याला शिकायला माझ्याकडे आणलं. फी, क्लास, जेवण, सगळं मी पाहिलं. किती वाजता उठायचं, कुठल्या परीक्षा द्यायच्या, कुणाबरोबर फिरायचं, हेही मीच ठरवलं. गेल्या वर्षी तो न सांगता नाशिकला निघून गेला. "एवढं करूनही," असं मी भेटेल त्याला सांगत राहिलो.

मग आधार देऊच नये का? तसंही नाही. टेकूच नसता, तरी प्रत्येक खड्ड्यात सोळा किलोचा हिसका बसून तोच मॅनिफोल्ड हळूहळू तडकला असता. 'ज्याचं त्याने बघावं' यात कधीकधी आपल्याच सोयीचा विचार असतो.

प्रश्न टेकू कुठे उभा आहे, हा आहे. मामांनी नवी दांडी चासीला नाही, इंजिनाच्या ब्लॉकला जोडली. इंजिन हलेल तशी तीही हलणार. बाबा गेले तेव्हा भाऊ हादरला होता. मीही हादरलो होतो, पण ते दाखवलं नाही. मी अचल राहिलो आणि त्यालाच खंबीरपणा समजलो. त्याच्या बाजूने पाहिलं, तर त्याला एका न हलणाऱ्या वस्तूला जखडलेलं होतं.

दांडीच्या दोन्ही टोकांना मामांनी गोळ्याचे सांधे लावले. ती खालून वजन पेलते. नळी तापून वाढली, की दांडी तिच्याबरोबर कलते. म्हणजे काय रोखायचं, हे तिच्यापुरतं ठरलेलं आहे: खाली लोंबणं. बाकीच्या हालचालीत ती पडत नाही. माणसाच्या बाबतीत हे ठरवणं अवघड आहे. कुठली हालचाल वाढण्याची आणि कुठली कोसळण्याची, हे प्रेमाने पाहणाऱ्यालाही नेहमी कळत नाही. पण मी तो प्रश्नच कधी स्वतःला विचारला नव्हता. हललं की आवळायचं, एवढंच मला येत होतं.

त्या रात्री भावाला फोन केला. 'परत ये' हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले. खोलीचं भाडं जमतंय का, तेवढं विचारलं.

जरा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "या महिन्यात थोडं कमी पडतंय, दादा."