कोणता दुवा तुटावा?

एखादी वस्तू मोडली की आपण चटकन म्हणतो, 'तो भागच कच्चा होता.' हे म्हणणे सोयीचे आहे, पण पुरते खरे नाही. कोणताही भाग कच्चा ठरतो तो त्याच्यावर आलेल्या भाराच्या तुलनेत, आणि तो भार ठरवणारा बहुधा दुसराच कुणी असतो. म्हणूनच मोडतोडीचा प्रश्न केवळ लोखंडाचा राहत नाही. भार कोणी वाढवला? तो कोणावर जाऊन पडला? आणि कोण मोडेल हे आपण मनात आधीच गृहीत धरले होते काय? हे तिन्ही प्रश्न नीतिशास्त्राचे आहेत. त्यांचा विचार आज एका लोखंडी वस्तूच्या आधारे करावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे खडकाळ वाटांवर चालवण्यासाठी अमेरिकेतील हौशी लोक ज्या पिकअप गाड्या स्वतःच्या हातांनी मजबूत करतात, त्या गाड्यांचा पुढचा अॅक्सल.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणारी गाडी आपल्याला अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि ती जीप गावोगावी पोहोचली. अमेरिकेत याच युद्धकालीन जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या आणि त्यांतून एक छंद जन्माला आला. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात रुबिकॉन नावाची एक वाट आहे. तिला रस्ता म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण ती ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरून जाते. १९५३ पासून तेथे जीपगाड्यांचा मेळावा भरतो. युटा राज्यातील मोआब गावी तर १९६७ पासून असा मेळावा ऐन ईस्टरच्या सुमारास भरत आला आहे. पुढे जीपच्या जोडीला जपानी गाड्या आल्या. १९७९ ते १९८५ या काळात अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या चारचाकी-शक्तीच्या पिकअप गाड्यांना पुढे अखंड अॅक्सल होता. त्यामुळे या छंदातील मंडळी त्या जुन्या गाड्या आजही हौसेने सांभाळतात.

पुढच्या अॅक्सलची अडचण अशी. मागच्या चाकाला एकच काम असते, गाडीला ढकलणे. पुढच्या चाकाला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याने ओढायचे आणि ओढता ओढता वळायचेही. अॅक्सलचा दांडा सरळ, चाक मात्र तिरके. अशा स्थितीत फिरकी एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवायची कशी? कार्दानो या इटालियन पंडिताच्या नावाने ओळखला जाणारा जुना सांधा हे काम करतो, पण अडखळत करतो. कोन वाढला की चाक प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगाने आणि दोनदा संथ फिरते. फोर्ड कंपनीतील अभियंता आल्फ्रेड झेप्पा याने १९२० च्या दशकात यावर तोड काढली. बाहेर वाटीसारखे कवच, आत खाचा असलेला तारा, दोहोंमध्ये सहा पोलादी गोळ्या आणि त्या गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा. कोन कितीही बदलो, फिरकी समान राहते. टोयोटाच्या पुढच्या अॅक्सलमध्ये हाच सांधा असतो. मेकॅनिक लोक त्याला 'बर्फील्ड' म्हणतात.

हा सांधा मूळ गाडीत उत्तम काम करतो. तो मोडू लागतो तो मालकाच्या आकांक्षा वाढल्यावर. पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण ४, ट्रान्स्फर केसच्या मंद गिअरचे २.२८ आणि डिफरेन्शियलचे ४.१० धरले, तर इंजिनाचा पीळ अॅक्सलपाशी सुमारे ३७ पट होतो. त्यात हौशी मालक दुसरी ट्रान्स्फर केस जोडतो, म्हणजे तो ८५ पटींच्या घरात जातो. मूळचा २८ इंच व्यासाचा टायर काढून तो ३५ इंची बसवतो. तरफेचा हात तेवढा लांबला, म्हणून तीच पकड सोसताना सांध्यावर सव्वापट पीळ येतो. मग तो डिफरेन्शियलला 'लॉकर' बसवतो, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांशी जखडली जातात. एक चाक हवेत असेल, तर सारा भार दुसऱ्या बाजूच्या एकट्या सांध्यावर येतो. अशा वेळी स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असले, तर गोळ्या वाटीच्या काठाशी आलेल्या असतात. चालक अॅक्सिलरेटर दाबतो आणि फटाका फुटावा तसा आवाज होऊन वाटीला तडा जातो.

दुरुस्ती कष्टाची असते. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी एका धर्मग्रामात मी काही आठवडे बदली सेवा केली, तेव्हा तेथील एका वेल्डरच्या गॅरेजमध्ये ती पाहावयास मिळाली. चाक उतरते, ब्रेक उतरतो, ५४ मिलिमीटरच्या पान्याने हबचे नट सुटतात, मग आसाचा तुकडा निघतो आणि शेवटी सांधा दांड्यासकट बाहेर ओढला जातो. आतले ऑईल सील झिजलेले असले, तर डिफरेन्शियलचे तेल ग्रीसमध्ये मिसळून काळी पातळ लापशी झालेली असते. तीतून पोलादाच्या कपच्या एकेक करून वेचाव्या लागतात. एखादी राहिली तर ती नव्या सांध्याचा घात करते. वळणाच्या बेअरिंगना किती ताण दिला आहे, हे ताणकाटा लावून मोजावे लागते. अंदाजाने भागत नाही.

इतके कष्ट पुन्हा नकोत, म्हणून मालक क्रोमोली पोलादाचा अधिक मजबूत सांधा आणि दांडे घेतो. आता सांधा मोडत नाही. पण पुढच्या खेपेस हबचे बोल्ट कातरले जातात. ते बदलून अधिक बळकट घातले, तर क्राऊन आणि पिनियनचे दात उडतात. तेही बदलले, तर अॅक्सलची नळीच वाकते. दुर्बलता नाहीशी झालेली नसते. तिने फक्त आपले घर बदललेले असते. एका भागाला दिलेले बळ त्याच्यापाशी थांबत नाही. पुढच्या भागाच्या वाट्याला ते भार म्हणून येते.

जाणते मेकॅनिक येथे एक शहाणपणाची गोष्ट करतात. पुढच्या चाकाच्या तोंडाशी, हाताने फिरवून चाक अॅक्सलला जोडणारे किंवा सोडवणारे एक 'लॉकिंग हब' असते. आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली काढलेली कंपनी अशाच हबसाठी नावारूपाला आली. ते काढून तेथे न तुटणारी भक्कम चकती बसवता येते. तरीही पुष्कळ अनुभवी लोक मुद्दाम ते हबच ठेवतात. कारण तुटायची वेळ आली तर ते आधी तुटते, आणि ते बाहेरच्या बाजूला, हाताशी असते. सुटे हब पेटीत बाळगले, तर रानातच थोड्या वेळात ते बदलता येते. विजेच्या तारेत फ्यूज असावा तसा हा प्रकार आहे. काहीच मोडू नये, असा हट्ट त्यांनी सोडलेला असतो. काय मोडावे, याची निवड त्यांनी आधी केलेली असते.

ही निवड यंत्रात योग्य आहे. माणसांच्या बाबतीत मात्र येथेच थांबून विचार केला पाहिजे.

आपल्या कुटुंबांतही चाके मोठी होतात. थोरला मुलगा परदेशी जातो, घरावर मजला चढतो, कर्ज निघते, धाकट्याच्या शिक्षणाचा खर्च वाढतो. प्रत्येक पाऊल एकेकटे पाहिले तर चांगलेच असते. पण त्या साऱ्याचा पीळ कोणत्या सांध्यावर येतो, हे कोण मोजतो? बहुधा तो येतो अशा माणसावर, ज्याला ओढणे आणि वळणे ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात. नोकरी करून आजारी सासूचे अंथरूण सांभाळणारी सून, किंवा शेतीवाडी आणि म्हातारे आईबाप एकट्याने पाहणारा, घरी राहिलेला भाऊ. ही माणसे एके दिवशी कोलमडली की आपण म्हणतो, 'तिचा स्वभावच चिडका', 'त्याच्यात दमच नव्हता.' वाटीला तडा जाताना पाय अॅक्सिलरेटरवर कोणाचा होता, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

यंत्राच्या न्यायाने, घरातही कुणी एकाने फ्यूज व्हावे, असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. हब मोडले तर त्याची किंमत देता येते, त्याच्याजागी दुसरे बसवता येते. माणसाच्या जागी दुसरे माणूस बसवता येत नाही. एखाद्याने प्रेमाने स्वतः भार उचलणे वेगळे आणि तो मोडेल हे ठाऊक असून इतरांनी त्याच्यावर भार टाकणे वेगळे. पहिल्याला आपण त्याग म्हणतो. दुसरा अन्याय आहे, आणि त्याला त्यागाचे नाव दिल्याने तो अधिकच वाईट ठरतो.

मोडतोडीची झळ प्रवासात नसलेल्यांनाही लागते. रुबिकॉन वाटेवर फुटलेल्या अॅक्सलचे तेल मातीत आणि ओढ्यांत जाऊ लागले, तेव्हा २००९ साली तेथील प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाला स्थानिक प्रशासनावर साफसफाईचा आदेश काढावा लागला. आता जबाबदार चालक तेल टिपून घेण्याचे साहित्य बरोबर बाळगतात. आईबापांच्या ताणाचे तेलही असेच कोठेतरी सांडते, आणि बहुधा ते मुलांच्या मनात झिरपते.

संत थॉमस अक्वायनस यांनी चार प्रमुख सद्गुणांचे विवेचन करताना धैर्याला विवेकाच्या हाती सोपवले आहे. या सद्गुणांचे लॅटिन नाव 'कार्दो' म्हणजे बिजागरी या शब्दावरून आले आहे. ज्याच्यावर दार फिरते तो सांधा. नुसते बळ वाढवणे हा सद्गुण नव्हे. बळ केव्हा लावावे हे ओळखणे हा सद्गुण होय. निष्णात चालकही हेच करतो. चाक अडले की तो आधी स्टिअरिंग सरळ करतो, गाडी थोडी मागे घेतो आणि मगच शक्ती देतो. त्याचे जुने, मूळचे सांधे वर्षानुवर्षे टिकतात.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपला फ्यूज आधीच ठरवून ठेवावा आणि तो माणूस नसावा. ताण असह्य झाला तर लग्नाच्या मांडवाचा थाट तुटावा, दुसरा मजला राहून जावा, वर्षभर आधी आखलेला बेत मोडावा, आपलेच म्हणणे खरे करण्याचा हट्ट मोडावा. या साऱ्या गोष्टी स्वस्त आहेत, हाताशी आहेत आणि पुन्हा मिळवता येतात. त्या मोडायला आपण तयार नसलो, तर त्यांच्यामागे असलेला सांधा मोडणार. तो माणसाचा असेल, आणि तो उघडून दुरुस्त करण्यास पुष्कळदा उशीर झालेला असतो.