शंभरातले चौऱ्याण्णव

गंगेशोपाध्यायांच्या तत्त्वचिंतामणी या न्यायग्रंथाचा प्रत्यक्षखंड उतरवून घ्यायला बसले, ती आषाढातली दुपार होती. सांगलीत पाऊस नुसता ठिबकत होता. फाईल ६४० एमबीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनं छापलेलं पुस्तक, अमेरिकेतल्या कुणीतरी स्कॅन करून ठेवलेलं. घरात १०० एमबीपीएसचा प्लॅन. हिशेब सोपा वाटला: सेकंदाला शंभर, म्हणजे सात सेकंदांत गंगेशोपाध्याय घरात. चहा ठेवला, आलं ठेचलं, गाळला, पिऊन कप विसळला. पट्टी जेमतेम पाव भागाला पोचली होती. सेकंदाला ३०० केबी.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो हसला. "मावशी, प्लॅनमधला बी धाकटा, फाईलमधला थोरला. तो बिट, हा बाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो. शंभराला आठानं भाग."

साडेबारा. म्हणजे सात सेकंद नव्हे, एक्कावन्न. मला एकदम वात्स्यायनभाष्यातला नवकंबल आठवला. बोलणारा म्हणतो, याच्याकडे नवा कांबळा आहे. ऐकणारा म्हणतो, कुठंयत नऊ? हा वाक्छल एकतीस वर्षं पोरांना हसत शिकवला. तो जाहिरातीच्या पाटीवर भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं. अर्थात कंपनीनं खोटं काहीच लिहिलेलं नाही. छलाची खुबी तीच असते.

तरी एक्कावन्न सेकंद कुठं आणि पस्तीस मिनिटं कुठं?

मी जो ग्रंथ उतरवत होते, त्यातच प्रामाण्यवाद आहे. प्रश्न असा: मला काही कळलं, ते खरं आहे हे मला कशानं कळतं? मीमांसक म्हणतो, ज्ञान आपलं खरेपण बरोबर घेऊनच येतं. बाधा आली तरच सोडायचं. नैयायिक म्हणतो, नाही, खरेपण बाहेरून ठरतं. लांबून पाणी दिसलं, गेलास, ओंजळीनं प्यायलास, तहान भागली, तेव्हा म्हण की ते पाणी होतं, मृगजळ नव्हतं. मी नैयायिकांच्या बाजूची. पण खरं सांगायचं तर ही बाजू मी परीक्षेच्या पेपरापुरतीच घेतली होती. कुठल्याही ज्ञानाची तशी तपासणी करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

आता आली. लॅपटॉप हातावर घेऊन मी खोल्याखोल्यांतून हिंडले. राउटर पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या फळीशेजारी. माझं टेबल आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक गोदरेजचं कपाट. लोखंडी कपाटाशी भांडण्यात अर्थ नव्हता. मग लक्षात आलं, रोज संध्याकाळी सातच्या सुमारास वेग जास्तच बसतो, आणि त्याच वेळी मी मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करते. भाच्याला विजयानं सांगितलं. तोही म्हणाला, शक्य आहे; जुना वायफाय आणि मायक्रोवेव्ह दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतात. अन्वय मिळाला. व्यतिरेक पाहायला दोन दिवस दूध गॅसवर तापवलं. वेग संध्याकाळी बसायचा तो बसलाच.

म्हणजे उपाधी. जिथं अग्नी तिथं धूर, असं म्हणणाऱ्याला नैयायिक तापलेला लोखंडी गोळा दाखवतात: अग्नी आहे, धूर नाही. धुराला नुसता अग्नी पुरत नाही, ओलं सरपण लागतं, आणि ते आपल्या वाक्यात न सांगता लपून बसलेलं असतं. माझं ओलं सरपण होतं संध्याकाळ. इमारतीतले बारा बिऱ्हाडकरू कामावरून घरी येतात आणि आपापला वायफायचा डबा कामाला लावतात. भाच्यानं एक ॲप घ्यायला लावलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे रस्ते तीनच, १, ६ आणि ११. आमच्या आसपासचे नऊ राउटर सहाव्यावर दाटीवाटीनं बसलेले. बिचाऱ्या मायक्रोवेव्हवर मी उगाच आळ घेतला.

शेवटी वायफाय सोडलं. बाजारातून पाच मीटरची लॅन केबल आणली आणि पुढच्या खोलीत राउटरला लॅपटॉप सरळ जोडला. स्पीड टेस्ट: ९४. विश्वास बसेना, पुन्हा केली. ९४. तिसऱ्यांदाही तेच. (उरलेले सहा कुठं गेले, तर माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिण्यात. हे मला फार आवडलं.) मीमांसक कुमारिलभट्टांनी नैयायिकांना अशा पुन्हापुन्हा तपासण्यावरूनच टोला मारलेला आहे. एका ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला हवा, तर दुसऱ्याला तिसऱ्याचा हवा, मग थांबणार कुठं? ते स्वतः म्हणतात, तीन-चार ज्ञानांपलीकडे जायची गरज पडत नाही. मीही तिसऱ्याला थांबले. गंगेश मात्र सेकंदाला १.१ एमबीनंच येत होते. दहा मिनिटं.

कंपनीला फोन केला. बाई गोड होती. "मॅडम, आमच्याकडून सगळं ओके दिसतंय. स्पीड टेस्ट किती येतेय? चौऱ्याण्णव? मग काही प्रॉब्लेमच नाहीये." तर्कसंग्रह शिकवताना आप्त कोण, तर जे जसं आहे तसं सांगणारा, हे मी फळ्यावर लिहीत असे. ही बाई त्यात बसते की नाही? तिच्या पडद्यावर जे होतं तेच तिनं सांगितलं. खोटी ती नव्हती, माझी टेस्टही नव्हती आणि ती रेंगाळणारी पट्टीही नव्हती. तीन खरी ज्ञानं, आणि एकमेकांशी जमत नाहीत. मीमांसकाच्या हिशेबानं आता बाधा यायला हवी. पण कोण कुणाला बाधणार?

हे भाच्यानं उलगडलं, आणि ते ऐकताना मी वही घेऊन बसले. टेस्टचा सर्व्हर मुंबईत. निरोप जाऊन यायला १४ मिलिसेकंद. ग्रंथ अमेरिकेत; तिथं २४० लागतात. आणि पलीकडचा संगणक सगळं एकदम ओतत नाही. थोडं पाठवतो, पोचल्याची पावती येईपर्यंत थांबतो, पावती आली की हात थोडा सैल सोडतो. मधलं एखादं पाकीट गहाळ झालं की घाबरून वेग अर्ध्यावर आणतो आणि पुन्हा हळूहळू चढवतो. हा चढ पावत्यांच्या चालीनं होतो. मुंबईची पावती चटकन येते, त्यामुळे पडलेला वेग लगेच सावरतो, टेस्टला पत्ताही लागत नाही. अमेरिकेची पावती यायला सतरापट वेळ. तिथला वेग सावरतो न सावरतो तोच दुसरं पाकीट हरवतं. म्हणजे पाकिटं दोन्हीकडे हरवत होती. दिसत एकीकडेच होती.

ही भित्री रीत पूर्वी नव्हती म्हणे. १९८६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातली बर्कलेची प्रयोगशाळा आणि विद्यापीठ, जेमतेम चारशे यार्डांचं अंतर, तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. हजार नव्हे, नुसते ४०. पावती आली नाही की जो तो तेच पाकीट पुन्हापुन्हा रेटत होता, आणि त्या रेट्यानंच रस्ता तुंबत होता. व्हॅन जेकब्सन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा तोडगा छापला: थोडक्यानं सुरू करा, पावतीच्या मापानं वाढा, हरवलं की मागं या.

मी विचारलं, पण पावती हरवली तर? पावतीची पावती कोण देतं?

"कुणीच नाही मावशी. पावतीची पावती मागितली तर तेच चालू राहील ना."

फोन ठेवून मी बराच वेळ तशीच बसले. कुमारिलांनी दाखवलेली अनवस्था, दाखल्यांची ती न संपणारी साखळी, ही रीत रचणाऱ्या मंडळींना चांगली ठाऊक होती. त्यांनी नैयायिकांचं परतःप्रामाण्य घेतलं, पण एका पायरीपुरतं. पहिल्याला दाखला हवा, दाखल्याला नको. उदयनाचार्य आणि त्यांच्या आधीचे नैयायिक जवळपास हेच म्हणतात: सरावातल्या ज्ञानाला कुणी दाखला मागत नाही, शंका आली तिथंच मागायचा. हे मी वर्गात मीमांसकांना दिलेली सवलत म्हणून शिकवत आले होते. ती सवलत नव्हे. त्याशिवाय काही चालूच शकत नाही.

पुन्हा तक्रार केल्यावर दोन दिवसांनी कंपनीचा पोरगा आला. ओल्या रेनकोटमध्ये, खांद्याला बॅग. डब्याची वायर उपसून त्यानं छोटं मीटर लावलं. "पॉवर लई डाऊन हाय काकू. उणे सत्तावीस." मग तो भिंतीकडेनं वायर चाचपत पुस्तकांच्या फळीपाशी आला आणि थांबला. फळीच्या कडेला, वायरीचा पार काटकोन करून, झळकीकरांचा न्यायकोश बसला होता. भांडारकर संस्थेची १९२८ ची आवृत्ती, हजारावर पानं. मे महिन्यात फळ्या झाडल्या तेव्हा मीच तो तिथं सरकवला होता.

"ही तार न्हाई काकू, आत काच हाय. वाकवली की उजेड भाइर पाझरतो." कोश त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. मीटरवर उणे एकवीस. डेसिबलच्या आकड्यात सहाचा फरक, उजेडात चौपटीचा. मी ग्रंथाची पट्टी पुन्हा सुरू केली: सेकंदाला ६ एमबी. दोन मिनिटांच्या आत अख्खा प्रत्यक्षखंड उतरला. पोरगा चहा पिऊन गेला.

त्या रात्री प्रामाण्यवादाची पहिली पानं उघडली आणि वाचता येईना. पोरगा आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अमेरिकेत रात्र. तिथला सर्व्हर तेव्हा मोकळा असेल. शिवाय इमारतीतले सगळे कामावर. मागच्या वेळी दूध होतं, या वेळी न्यायकोश. ओलं सरपण पुन्हा कुठं लपलेलं नाही कशावरून?

नऊ वाजले होते. शेजारच्या घरांत मालिका चालू होत्या. त्याच ग्रंथाच्या अनुमानखंडाची फाईल लावली: साडेपाच. उठले, न्यायकोश उचलला आणि वायरीवर आधी होता तसा ठेवला. काच मोडली तर पोराला काय सांगायचं, हे मनात येऊन गेलं. आकडा घरंगळला आणि १.३ वर टेकला. उचलला, दहाएक सेकंदांत पुन्हा पाचच्या वर. ठेवला, पडला. उचलला, चढला. तिसऱ्यांदा ठेवताना आतून सून म्हणाली, "आई, रात्रीचं काय उचलठेव चाललंय?" तिला म्हटलं, झालंच. आणि कोश चौथ्यांदा उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवला.